भाड्याने दिलेली सुट्टी

आमच्या इमारतीत त्यांना सगळे पडदेबाई म्हणत. माझ्या समोरच्या दारात त्या राहत. दोनच खोल्या होत्या. मागची त्यांची स्वतःची आणि पुढची कापडाची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल आणि टेबलाच्या कडेला ठोकलेली पितळी पट्टी. कोपऱ्यात पडद्यांचे दांडे उभे असत, रांगेत ताटकळलेल्या माणसांसारखे. गावातल्या निम्म्या खिडक्या या बाईने झाकल्या, पण तिच्या स्वतःच्या खिडकीला पडदा नव्हता. विचारलं तर म्हणायच्या, "उजेड लागतो कामाला. आणि समोर नुसती भिंत. भिंत कशाला डोकावतेय माझ्याकडे?"

अंगाने किरकोळ, जिभेने तिखट. खांद्याजवळ कपड्यात दोरा ओवलेली सुई कायम खोचलेली. कुणाच्याही घरी गेल्या की आधी पडद्याची खालची दुमड उलटून पाहायच्या आणि मग "कसे आहात?" विचारायच्या.

अशी ही बाई एका हॉलिडे क्लबची सभासद होती, हे सांगितलं तर नव्या माणसाला खरं वाटत नसे.

ते घडलं त्यांच्या यजमानांमुळे. ते बस चालवत. एकदा पेट्रोल पंपावर कुणीतरी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली, नाव आणि फोन नंबर लिहायला सांगितला. काही दिवसांनी फोन आला की तुम्हाला प्रवासी बॅगांचा संच बक्षीस लागलाय. न्यायला नवरा-बायको दोघांनी यायचं. गेले दोघं. मोठ्या हॉटेलातला गारेगार हॉल, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, सरबतावर सरबत. पडद्यावर चित्रफीत चालू. एक प्रचंड मोठं पार्क, फिरतं चक्र, किंचाळणारी पोरं, आणि पार्काच्या दारातच क्लबचं हॉटेल. टाय लावलेला एक मुलगा यांच्या शेजारी येऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत उठलाच नाही.

"तो यांना सर म्हणाला," पडदेबाई सांगायच्या. "आयुष्यभर लोकांनी यांना 'ओ ड्रायव्हर' म्हटलेलं. सर म्हटल्यावर गडी तिथेच गारद. मी टेबलाखालून पाय दाबत होते, पण यांच्या पायाला आपली ब्रेकवर पडायची सवय. त्या दिवशी पडला नाही."

सही झाली. दर वर्षी क्लब त्यांच्या खात्यात ठरावीक पॉइंट टाकणार, त्या पॉइंटांच्या बदल्यात हॉटेलात खोली मिळणार. एरवीच्या दिवसांत थोडे पॉइंट पुरत. शाळांना सुट्ट्या लागल्या की त्याच खोलीला दुप्पट लागत, म्हणून दोन वर्षांचे साठवायचे. वर्षाची वर्गणी मात्र तुम्ही जा, नका जाऊ, भरावीच लागे. त्यात यजमानांची वेगळीच अडचण. शाळांना सुट्टी म्हणजे बसला गर्दी, आणि बसला गर्दी म्हणजे ड्रायव्हरला रजा नाही. पहिली दोन वर्षं पॉइंट साठवण्यात गेली. तिसऱ्या वर्षी रजेचा अर्ज मंजूर व्हायच्या आधीच ते झोपेत गेले.

बक्षिसाच्या बॅगा तेवढ्या घरात राहिल्या. त्यांत पडदेबाई अस्तराचं कापड ठेवायच्या.

वर्गणी काही यजमानांबरोबर गेली नाही. सभासदत्व सोडता येत नव्हतं, विकायला गेलं तर कुणी फुकट घेत नव्हतं. नाव बदलून घ्यायचं तर कागदपत्रं आणि वर आणखी खर्च. पडदेबाईंनी ते आज करू उद्या करू म्हणत ठेवलं. क्लबच्या लेखी ड्रायव्हरसाहेब हयातच होते. "फोनवर सभासद क्रमांक विचारतात," त्या म्हणायच्या, "माणूस आहे का ते कुणी विचारत नाही."

मग दाताचे डॉक्टर भेटले. त्यांच्या दवाखान्याचे पडदे मोजायला पडदेबाई गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई वैतागल्या होत्या, सुट्टीत पार्काजवळ जीव टाकला तरी खोली मिळत नाही म्हणून. पडदेबाई शिडीवरूनच म्हणाल्या, "माझ्याकडे आहे की."

तेव्हापासून त्यांची सुट्टी भाड्याने जायला लागली. भाड्यातून वर्गणी सुटायची, दर वर्षी कमी पडणारे पॉइंट क्लबकडून विकत घेता यायचे, वर चार पैसे उरायचे. क्लबला हे चालत नव्हतं. नातेवाइकांना पाठवलेलं चालायचं, भाडेकरूंना नाही. म्हणून क्लबच्या दप्तरी डॉक्टर पडदेबाईंचे भाचे झाले. डॉक्टरांनाही ते आवडलं असावं. ते त्यांना थट्टेने मावशी म्हणू लागले आणि पुढे ते तोंडात बसलं.

हे भाड्याचं काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. सुट्टीतल्या खोल्यांची नोंदणी जवळजवळ वर्षभर आधी एका ठरावीक सकाळी उघडायची, आणि कपातला चहा निवायच्या आत चांगल्या खोल्या संपायच्या. फोनवर इंग्रजीत बोलणारं यंत्र. याला एक दाबा, त्याला दोन दाबा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, म्हणून सुरुवातीला मी शेजारी बसून सांगत असे. पुढे त्यांना सगळं पाठ झालं. यंत्राचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं बोट आकड्यावर पडलेलं असे, मशीनच्या पायपट्टीवर पाय पडावा तसं.

भाड्याखेरीज त्यांची एक अट होती. परत आलं की वर येऊन सांगायचं, खिडकीतून काय दिसतं. डॉक्टरीणबाई दर वर्षी यायच्या. चक्र दिसतं, त्याला दिवे लागतात, मुलीने ते बघत बघत जेवण संपवलं.

"आणि पडदे कसे आहेत?"

"पडदे?" डॉक्टरीणबाई डॉक्टरांकडे बघायच्या. "पडदे कसे होते हो?"

"असतील की," डॉक्टर म्हणायचे.

ते गेल्यावर पडदेबाई माझ्याकडे वळायच्या. "अक्कलदाढेच्या मागचा किडा दिसतो यांना. भिंतभर पडदा दिसत नाही."

आता नातीचं सांगते. पडदेबाईंचा एकुलता एक मुलगा आणि सून वेगळे झाले तेव्हा नात नुकती चालायला लागली होती. मुलगा परदेशी गेला, तिथे त्याने दुसरा संसार मांडला. नात आईबरोबर दुसऱ्या शहरात राहिली, पार्कापासून गाडीने फार लांब नाही अशा ठिकाणी. पडदेबाईंनी तिचं नाव चिंगी ठेवलं होतं. वाढदिवसाला फोन व्हायचा. चिंगी "हॅलो आजी" म्हणायची आणि मग दोघींनाही पुढे काय बोलायचं ते सुचायचं नाही.

एका वर्षी डॉक्टरीणबाई खिडकीचं सांगून गेल्या आणि पडदेबाईंनी सुनेला फोन लावला. मी तिथेच होते. पुढच्या सुट्टीत चिंगीला माझ्याबरोबर पाठवशील का, पार्कात नेते, खोली आपलीच आहे. फोनचा आवाज मोठा केलेला होता.

"आई, तुमच्याबद्दल माझं काही नाही," सून म्हणाली. "पण तिच्या बाबांनीही तिला असंच नेतो, नेतो म्हटलं होतं. ती पायात बूट घालून दारात बसून राहिली. तसं पुन्हा नको."

"मी नेईन म्हणजे नेईन."

"ठीक आहे. एकदा बघू. नीट झालं तर मग दर सुट्टीत पाठवीन तुमच्याकडे."

फोन ठेवून पडदेबाईंनी मशीनवरचा पडदा पुढ्यात ओढला आणि एकही टाका न घालता तशाच बसून राहिल्या. "दर सुट्टीत म्हणाली," त्यांनी मला सांगितलं, जणू मी बहिरी होते.

नोंदणीच्या सकाळी त्यांनी मला हाकसुद्धा मारली नाही. सगळं एकटीने केलं आणि मग माझ्याकडे येऊन नोंदणीचा क्रमांक आणि तारखा दाखवल्या. क्लबने तेवढंच पाठवलं होतं. आम्ही चहा केला. काही महिन्यांनी डॉक्टर नेहमीप्रमाणे आगाऊ पैसे घेऊन आले, तेव्हा पडदेबाईंनी त्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं.

"यंदा नाही. यंदा मीच जातेय."

डॉक्टर हसले. "तुम्ही? मावशी, तिथे झुल्यांत बसायला लागतं."

"बसेन. कवळी तुम्ही बसवलीये, पडली तर तुमचीच बदनामी."

डॉक्टरीणबाईंना मात्र ते लागलं. मुलीला सांगून बसलोय आम्ही, म्हणाल्या. आणि जाताना दार जरा जोरात लावून गेल्या.

वर्षभर पडदेबाई त्या आठवड्याभोवतीच फिरत राहिल्या. बॅगांतलं अस्तराचं कापड काढून एक बॅग रिकामी केली, पुसली, उन्हात ठेवली. इतकी वर्षं घरात असून ती बॅग पहिल्यांदाच प्रवासाला निघत होती. चाकं गंजली होती. मशीनचं तेल घालून चालू केली. मी बरोबर यायचं ठरलं, इंग्रजीसाठी आणि सोबतीसाठी.

आम्ही बसने गेलो. हॉटेलच्या दारात पोचलो तेव्हा सकाळ होती. आत पाय ठेवायला जागा नाही. ढकलगाड्यांवर सामानाचे ढीग, डोक्यावर कागदी मुकुट घातलेली पोरं, मुकुटासाठी रडणारी पोरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून येणारा पार्कातला बँड. काचेच्या भिंतीपलीकडे चक्राचा वरचा अर्धा भाग दिसत होता. सून आणि चिंगी आधीच येऊन थांबल्या होत्या. चिंगी आजीच्या खांद्याला लागली होती. पडदेबाईंनी हात पुढे केला, तो डोक्यावर ठेवावा की गालावर, ते त्यांना कळेना. शेवटी तिच्या फ्रॉकची कॉलर नीट केली.

"किती वाढलीस गं चिंगे."

"चिंगी नको म्हणू ना," मुलगी हळूच म्हणाली. "शाळेत कुणी ऐकलं तर हसतील."

"इथे कुठे तुझी शाळा? बरं, नाही म्हणत."

सुनेच्या हातात गाडीची किल्ली होती. "खोली मिळाली की मी निघते," ती म्हणाली.

काउंटरवरच्या मुलीने क्रमांक घेतला, संगणकाच्या पडद्यावर पाहिलं आणि हसून विचारलं, "डॉक्टरसाहेब कुठे आहेत?"

मला आधी वाटलं, आमच्या मागच्या कुणाला विचारतेय. तिने पुन्हा डॉक्टरांचं पूर्ण नाव घेतलं. खोली त्यांच्या नावावर होती.

पडदेबाईंचा हात काउंटरवर होता. त्या आपल्या बोटाकडे बघत राहिल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं. यंत्र विचारतं, गेल्या वेळचेच पाहुणे असतील तर एक दाबा. इतकी वर्षं एकच दाबायचं होतं. त्या सकाळी मन दुसरीकडे, चिंगीच्या फ्रॉकात नाहीतर चक्रात, आणि बोट आपलं गेलं नेहमीच्या जागी.

"काही हरकत नाही," मी माझं शाळेतलं इंग्रजी बाहेर काढलं. नन्सनी घासूनपुसून दिलेलं ते इंग्रजी आजवर बँकेत, पोस्टात, परदेशी जावयाशी बोलताना कधी कमी पडलं नव्हतं. "यजमानीणबाई स्वतः आल्यात. नाव बदलून द्या."

मुलगी फार नम्र होती. सुट्टीच्या दिवसांत नाव बदलता येत नाही, म्हणाली. लोक पॉइंट भाड्याने देतात, त्याला आळा घालायला तसा नियम केलाय.

पडदेबाईंनी काउंटरवरचा हात मागे घेतला.

"फक्त सभासद स्वतः बदलू शकतात," ती पुढे म्हणाली. "ते आलेत का?"

"मी त्यांची बायको."

"पण सभासद ते एकटेच आहेत. त्यांना फोन देता का?"

"ते वारले."

मुलीने पुन्हा पडद्यावर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं. "आमच्याकडे तशी नोंद नाही," ती म्हणाली.

पडदेबाई माझ्याकडे वळल्या. "बघा, इथे तरी जिवंत आहेत."

एवढाच मार्ग निघाला की ज्यांच्या नावावर खोली आहे त्यांनी स्वतःच्या फोनवरून कळवायचं आणि त्यांना आलेला आकडा सांगायचा. मी डॉक्टरांना फोन लावला. बंद. डॉक्टरीणबाईंचा बंद. दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितलं की सगळे बोटीने बेटावर गेलेत, संध्याकाळी धक्क्याला लागतील. खोली दिली नाही म्हणून त्यांनी समुद्र निवडला होता.

"हे डॉक्टर कोण?" सुनेने विचारलं.

"भाचा आहे माझा," पडदेबाई काउंटरकडे बघत मोठ्याने म्हणाल्या.

"आजी, तुला भाचा आहे?" चिंगीने विचारलं.

"आज आहे."

 सुनेने घड्याळाकडे पाहिलं, मग म्हणाली, मी जवळच मैत्रिणीकडे आहे, फोन करा. जाताना तिने मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मुलीने मान हलवली.

दुसरी खोली मिळत नव्हती. सगळं हॉटेल भरलेलं. पार्काची तिकिटं दारावर कधीच संपलेली. आत जायला मनगटावर बांधायच्या पट्ट्या खोलीच्या किल्लीबरोबर मिळायच्या, आणि किल्ली डॉक्टरांबरोबर समुद्रात होती.

आम्ही एका खांबाशी बॅग उभी केली आणि चिंगी तिच्यावर बसली. पडदेबाईंनी घरून आणलेला डबा उघडला. चिंगीने दोन घास खाल्ले. पडदेबाईंनी तिला दोऱ्याचे खेळ दाखवले, बोटांत दोरा अडकवून पूल, जाळं, पाळणा. थोडा वेळ दोघींची डोकी अगदी जवळ आली होती, आणि मला वाटलं, होईल, निभावेल. चिंगी एकदा खळखळून हसलीसुद्धा. आजीने पाळणा करताना स्वतःचीच बोटं अशी गुंतवून घेतली की मला सोडवायला लागली.

पण दिवस फार मोठा होता. एकेक कुटुंब यायचं, किल्ली घ्यायचं, पट्ट्या बांधून काचेच्या दारातून बाहेर पडायचं. चिंगी प्रत्येकाकडे बघायची. दुपारी तिने दोरा खाली ठेवला.

"आजी, खोली आपली आहे ना?"

"आपलीच आहे."

"मग आपण बाहेर का?"

पडदेबाईंनी दोरा उचलून रिळाला गुंडाळला. टोक सापडेपर्यंत गुंडाळत राहिल्या. "भाचा येतोय ना," म्हणाल्या.

मी अधूनमधून काउंटरशी जाऊन येत होते. त्या मुलीने आम्हाला पाणी दिलं, मुलीला एक कागदी मुकुट दिला. चिंगीने तो घातला नाही, मांडीवर ठेवला. ऊन उतरायला लागलं तसे चक्राचे दिवे लागले. तेव्हा ती म्हणाली, "आजी, आईला फोन लावून दे ना."

"थोडं थांब. आता होईलच."

"मला घरी जायचंय."

रडली नाही. रडली असती तर पडदेबाईंना तिला जवळ घेता आलं असतं, काहीबाही सांगता आलं असतं. ती एखाद्या पाहुण्यासारखी मागत होती, नम्रपणे. पडदेबाईंनी फोन लावून दिला.

सून यायला वेळ लागला नाही. ती चिंगीचा हात धरून दाराबाहेर पडली, पडदेबाई बॅग तिथेच टाकून मागे गेल्या, आणि माझ्या हातातला फोन वाजला. डॉक्टर होते. धक्क्यावर उतरले होते. मी सांगितलेलं त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "अरे देवा, माझ्या नावाने नोंदणी झाल्याचा मला मेसेज आला होता. मला वाटलं, क्लबवाले सगळ्यांनाच पाठवतात. उघडलासुद्धा नाही. द्या, काउंटरला द्या फोन." मग मला फोनमधून ऐकू आलं, ते काउंटरवरच्या मुलीला सांगत होते, हो, मी भाचा, सख्खा भाचा, त्या माझ्या मावशी आहेत, त्यांना काही कमी पडू देऊ नका.

किल्ली मिळाली. तिच्याबरोबर तीन पट्ट्या. मी या वयात धावले. गाडी अजून दारातच होती, सून चिंगीचा पट्टा लावत होती. पडदेबाईंनी माझ्या हातातून किल्ली आणि पट्ट्या घेतल्या आणि खिडकीतून आत धरल्या.

"मिळाली. बघ, मिळाली खोली. चल."

सून दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत होती. "नको आई. दमलीये ती."

"सकाळी जाऊ पार्कात. आता नुसती झोपेल. माझ्याजवळ झोपेल."

"तुमच्या घरचं सगळं मिळतं, आई," सून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पण वेळ टळून गेल्यावर."

चिंगीने लहान पट्टी हातात घेतली होती. गाडीतल्या दिव्याखाली धरून तिने त्यावर छापलेलं नाव अक्षर अक्षर वाचलं. डॉक्टरांच्या मुलीचं नाव होतं.

"हे माझं नाहीये," ती म्हणाली आणि पट्टी आजीच्या हातात परत दिली. मग काहीतरी आठवल्यासारखं मुकुटही दिला.

खोली वरच्या मजल्यावर होती. चांगली मोठी, दोन पलंग, मध्ये मुलांसाठी ओढून काढायचा तिसरा. पडदेबाई सरळ खिडकीशी गेल्या. चक्र समोरच होतं. डॉक्टरीणबाईंनी खोटं काही सांगितलं नव्हतं. दिवे होते, पाळण्यांत माणसं होती, वर गेल्यावर त्यांचे आवाज बारीक होऊन काचेपर्यंत येत होते. बराच वेळ त्या बघत उभ्या राहिल्या. मग सवयीने पडद्याची कड उलटली.

"अस्तर सुटलंय," म्हणाल्या.

त्यांचा हात खांद्याकडे गेला, सुई निघाली. पडद्याची कड त्यांनी बोटांनी जुळवून धरली. मी दिवा जवळ आणू लागले.

"राहू द्या ताई," त्या म्हणाल्या आणि सुई परत खोचली. "आपलं थोडंच आहे."

"आपलंच आहे हो," मी म्हटलं.

"तसं म्हणतात खरं."

आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

आठवडाभर खोली आमची होती. सकाळी उठून आम्ही परतीची बस धरली. निघताना पडदेबाईंनी पट्ट्या काउंटरवर ठेवल्या, कुणा लेकराला द्या म्हणाल्या. रात्रपाळीची दुसरी मुलगी होती. ती म्हणाली, देता येत नाही, पट्टी ज्याच्या नावाची त्याचीच असते. बसमध्ये पडदेबाईंनी पाय बॅगेवर ठेवले आणि डोळे मिटले, पण झोपल्या नव्हत्या. गावाजवळ आल्यावर एकदम म्हणाल्या, "दारात बूट घालून बसली होती म्हणे. मी तर खांबाशी बसवली." माझ्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर मी एवढंच लिहिलं आहे.

त्यानंतर सुनेचा फोन बंद झाला असं नाही. वाढदिवसाला बोलणं व्हायचं. पुढच्या सुट्टीचं पडदेबाईंनी एकदाच विचारलं. मुलगी शाळेच्या शिबिराला जातेय, सून म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षीही काहीतरी होतं. दोन्ही कारणं खरीच असतील. मग पडदेबाईंनी विचारायचं सोडलं. बॅगेत अस्तराचं कापड परत गेलं. मी म्हटलं, आता तरी नाव बदलून घ्या क्लबात, कागद मी लिहिते. म्हणाल्या, "असू द्या त्यांना तिथे. नाहीतरी दुसरं कोण सर म्हणतंय त्यांना."

नोंदणीच्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. यंत्र बोलत होतं, त्या ऐकत होत्या. गेल्या वेळचेच पाहुणे असतील तर, असं आलं तेव्हा त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं, थांबल्या, आणि एक दाबलं. "या वेळी बोट बरोबर गेलं," म्हणाल्या.

डॉक्टर मंडळी गेली, आली. डॉक्टरीणबाई मागचा राग विसरून मिठाईचा डबा घेऊन वर आल्या. मी पडदेबाईंना काजं करून देत होते. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि नेहमीसारखी सुरुवात केली, "मावशी, या वेळी खोली अगदी वरची होती. खिडकीतून ना…"

"राहू द्या," पडदेबाई म्हणाल्या. "पाहिलंय मी."

डॉक्टरीणबाई थांबल्या. इतकी वर्षं जे सांगायला त्या जिना चढत होत्या, ते आता कुणाला नको होतं. 

"पडद्याचं अस्तर शिवलं का त्यांनी?" पडदेबाईंनी विचारलं.

"अस्तर?" डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काजाकडे पाहिलं. पडदेबाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. पायपट्टीवर पाय ठेवला आणि मशीन सुरू केलं, त्यामुळे मग कुणाला काही बोलताच आलं नाही.